जखमी गरुडाची चाकरी

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील ऑबर्न विद्यापीठाच्या क्रीडांगणावर फुटबॉलचा सामना सुरू होण्यापूर्वी काही मिनिटे एक विधी पार पडतो. (अमेरिकन मंडळी ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात त्यात चेंडू पायापेक्षा हातातच अधिक असतो, हे वाचकांना ठाऊक असेलच.) प्रेक्षागाराच्या उंच भागातून एक गरुड सोडला जातो. सुमारे ८८ हजार प्रेक्षकांची क्षमता असलेल्या त्या प्रेक्षागारातून ‘वॉर’ हा शब्द एका दीर्घ सुरात लांबत जातो. पक्षी घिरट्या घालून मैदानात, शिक्षकाने दाखविलेल्या आमिषावर झेपावला की ‘ईगल’ या शब्दाने ती आरोळी पूर्ण होते. विद्यापीठाच्या लेखी त्या पक्ष्याला ‘युद्धगरुड’ ही पदवी आहे, आणि राजघराण्यातील पुरुषांप्रमाणे या पदवीला पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांकही आहेत.

आठव्या क्रमांकाची पदवी धारण करणाऱ्या सोनेरी गरुडाचे नाव ऑरिया. ही मादी २०१६ मध्ये अलाबामातीलच सेल्मा गावाच्या परिसरात एका नागरिकाला जखमी अवस्थेत सापडली. तिचा उजवा पंख दुखावलेला होता. विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या शिकारी पक्ष्यांच्या रुग्णालयात तिच्यावर उपचार झाले. परंतु रानात परत सोडण्याइतकी ती पूर्ववत झाली नाही. तिच्या आधीपासून याच मैदानावर उडत आलेला ‘स्पिरिट’ हा पांढऱ्या डोक्याचा गरुडही असाच सापडलेला. १९९५ मध्ये फ्लॉरिडात तो पिलाच्या अवस्थेत मिळाला तेव्हा त्याची चोच दुखावलेली होती, आणि पुढेही ती सुधारली नाही. म्हणजे ज्यांच्या नावाने युद्धाची आरोळी द्यावयाची ते दोन्ही योद्धे वस्तुतः रुग्णालयातून घरी न जाऊ शकलेले रुग्ण आहेत.

येथे सरळ एक प्रश्न उपस्थित होतो. ज्याला वाचविले त्याच्यावर वाचविणाऱ्याचा हक्क किती? पाण्यात बुडणाऱ्या माणसाला बाहेर काढणाऱ्याने पुढे त्याला आयुष्यभर आपल्या दुकानात राबवून घेतले, तर त्याला कोणी परोपकारी म्हणणार नाही. दुष्काळात धान्य देऊन माणसे जगविणाऱ्या सावकाराने त्याच धान्याच्या हिशेबात पिढ्यान्‌पिढ्यांचे सालदार कसे मिळविले, हे या पानाच्या वाचकांना निराळे सांगण्याची गरज नाही. पक्ष्याला कर्ज कळत नाही, वहीवर अंगठा उठवावा लागत नाही, एवढाच काय तो फरक. ‘आम्ही त्याला वाचविले’ हे वाक्य खरे असते, आणि खरे असल्यामुळेच ते पुढच्या सर्व गोष्टींवर पांघरूण घालण्यास उपयोगी पडते.

विद्यापीठाची बाजू दुबळी नाही, आणि ती नीट मांडली पाहिजे. जो गरुड स्वतःची शिकार स्वतः करू शकत नाही त्याला रानात सोडणे म्हणजे त्याला उपाशी मारणे होय. त्याला पिंजऱ्यात नुसते बसवून ठेवण्यापेक्षा त्याचे पंख चालते ठेवणे त्याच्या प्रकृतीला हितकारक असते. त्या रुग्णालयात वर्षाकाठी शेकडो घुबडे, ससाणे, घारी आणि गरुड उपचारासाठी येतात. सामन्यापूर्वीच्या त्या उड्डाणामुळे हजारो लोकांना या कार्याची माहिती होते, शाळकरी मुले पक्षी पाहावयास येतात, लोकांचे लक्ष वेधते आणि लक्ष वेधले की देणग्याही येतात. ‘उडता येते तर सोडून का देत नाही?’ हा सवाल वरवर बिनतोड वाटतो, पण तो अज्ञानमूलक आहे. माणसाच्या हातून आमिष घेण्यासाठी मैदानावर दोन-तीन फेऱ्या मारणे वेगळे, आणि थंडीवाऱ्यात मैलोगणती भ्रमण करून पळत्या सशावर झडप घालणे वेगळे. पंखात किंचित वैगुण्य राहिले तरी पहिले जमते, दुसरे जमत नाही. चोच मोडलेल्या पक्ष्याला तर उडता येऊनही शिकार फाडून खाता येत नाही.

हे सर्व मान्य केल्यावरही मूळ प्रश्न शिल्लक राहतो, कारण पक्ष्याला उडू देणे आणि त्याला ८८ हजारांच्या गर्जनेत, दिव्यांच्या झगमगाटात, चहूबाजूंनी बंद अशा वाडग्यासारख्या जागेत उडविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिकारी पक्ष्याला माणसाळविण्याची विद्या पुरातन आहे आणि तिचे मर्म भुकेत आहे. पक्ष्याचे वजन रोज काट्यावर तोलावयाचे, तो आजारी पडणार नाही पण आमिषाकडे नक्की झेपावेल इतक्या बेताने त्याला खाऊ घालावयाचे, ही त्या विद्येची पहिली पायरी होय. त्यात क्रौर्यच असते असे नव्हे. जाणकार शिक्षक पक्ष्यावर जीव लावतो. तथापि पक्षी मैदानावर उतरतो तो संघाच्या प्रेमाने नव्हे, हे त्या आरोळीच्या भरात सर्वजण विसरतात. २०११ च्या हंगामात स्पिरिट हा गरुड उडता उडता प्रेक्षागाराच्या वरच्या श्रीमंती कक्षाच्या काचेवर जाऊन आदळला. सुदैवाने त्याला इजा झाली नाही आणि तो पुढे मैदानात उतरला. धनिकांना थंडगार हवेत बसून सामना पाहता यावा म्हणून बसविलेली ती काच पक्ष्याला आकाशच वाटली असावी. २०१८ च्या डिसेंबरात टेक्सासमधील कॉटन बाऊल सामन्यापूर्वी क्लार्क नावाचा दुसरा एक गरुड शिक्षकाकडे न जाता प्रेक्षकांत शिरला आणि दोघा जणांच्या अंगावर जाऊन बसला. वर्तमानपत्रांनी ती गंमत म्हणून छापली. पायात जन्मजात व्यंग असलेला तो पक्षी गोंधळला होता, असेही त्या घटनेचे वर्णन करता आले असते.

युद्धगरुडाच्या जन्माची जी कथा ऑबर्नमध्ये सांगितली जाते ती मोठी उद्‌बोधक आहे. १८६४ मध्ये यादवी युद्धातील वाइल्डरनेसच्या रणभूमीवर गुलामगिरीच्या बाजूने लढणाऱ्या दक्षिणेच्या एका जखमी सैनिकाला गरुडाचे पिलू सापडले. त्याने ते वाढविले. १८९२ च्या फेब्रुवारीत अटलांटा येथे जॉर्जियाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात तो गरुड मालकाच्या हातून सुटून मैदानावर घिरट्या घालू लागला. त्याच वेळी ऑबर्नने मुसंडी मारली. आणि विजय मिळताच म्हातारा पक्षी जमिनीवर कोसळून गतप्राण झाला. सामना खरा आहे, ऑबर्नने तो १०-० असा जिंकला हेही खरे आहे. गरुडाची गोष्ट मात्र आख्यायिकाच आहे, आणि विद्यापीठही ती आख्यायिका म्हणूनच सांगते. परंतु संस्था आपल्यासाठी कोणत्या आख्यायिका निवडतात यावरून बरेच कळते. मालकासाठी जगावे, मालकाच्या विजयाच्या क्षणी प्राण सोडावा आणि त्याबद्दल मालकाने अश्रू ढाळावेत, ही दक्षिणेच्या मळेवाल्यांची आदर्श सेवकाविषयीची जुनी कल्पना होती. याच विद्यापीठाला आपल्या दारातून पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी आत घ्यावयास १९६४ साल उजाडावे लागले, आणि तेही न्यायालयाच्या आदेशाने. हॅरल्ड फ्रँकलिन हे त्याचे नाव. त्याचा प्रबंध पुन्हा पुन्हा नाकारून त्याला पदवीविना परत पाठविण्यात आले, आणि ती पदवी त्याला मिळाली २०२० मध्ये. ऑरिया जेथे सापडली त्या सेल्मात १९६५ च्या ७ मार्चला मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्च्यावर पुलावर लाठ्या चालल्या, हेही या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही.

यादवी युद्धात खराखुरा गरुडही होता, पण तो दुसऱ्या बाजूला. उत्तर विस्कॉन्सिनमध्ये १८६१ मध्ये ओजिब्वे आदिवासींनी एक घरटे उतरविले आणि त्यातील पिलू मक्याच्या धान्याच्या बदल्यात एका गोऱ्या वसाहतवाल्याला दिले. त्याने ते नव्याने उभारलेल्या पलटणीला थोड्याशा डॉलरांना विकले. सैनिकांनी राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या नावावरून त्याचे नाव ‘ओल्ड एब’ असे ठेवले. आठव्या विस्कॉन्सिन पलटणीत निशाणाशेजारी दांडीवर बसवून त्याला लढाया दाखविल्या. युद्ध संपल्यावर त्याला राज्याच्या राजधानीत पाळले, निधी गोळा करण्याच्या जत्रांतून मिरविले, १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात मांडले. १८८१ मध्ये राजधानीच्या इमारतीतील आगीच्या धुराने गुदमरल्यानंतर काही आठवड्यांनी तो मेला. मग त्याच्या कातडीत पेंढा भरला, आणि तो पेंढाही १९०४ च्या आगीत जळाला. या मधल्या काळात केस नावाच्या शेती-यंत्रांच्या कंपनीने त्याचे चित्र आपले व्यापारचिन्ह म्हणून उचलले ते १९६९ पर्यंत सोडले नाही. एका पक्ष्याची किती प्रकारे सेवा घेता येते याचा याहून पूर्ण नमुना मिळणार नाही: पलटण, सरकार, धर्मादाय निधी आणि अखेर ट्रॅक्टर.

गरुडाला चिन्ह करण्याची ही हौस अमेरिकेपुरती नाही. रोमन सैन्याच्या निशाणदांड्यावर गरुड होता, नेपोलियनने तो उचलला, प्रशियाने उचलला, आणि नाझींनी त्याच्या पंज्यात स्वस्तिक दिले. क्लबांचा गरुड या परंपरेपासून अलिप्त आहे असे मानण्याचे कारण नाही. रोम येथील लाझिओ फुटबॉल क्लब २०१० पासून आपल्या मैदानावर ‘ओलिंपिया’ नावाचा गरुड उडवू लागला. २०२१ च्या ऑक्टोबरात त्या पक्ष्याच्या शिक्षकाने एका सामन्यानंतर प्रेक्षकांसमोर फॅसिस्ट पद्धतीचा सलाम करून मुसोलिनीचा जयघोष केला, तेव्हा क्लबला त्याला निलंबित करावे लागले. पक्ष्याला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. पण पक्षी निरपराध असतो म्हणूनच तो निशाणासाठी सोयीचा असतो.

आता अमेरिकन राष्ट्राच्या गरुडभक्तीचा इतिहास पाहू. १७८२ पासून पांढऱ्या डोक्याचा गरुड त्या देशाच्या राजमुद्रेवर आहे. (त्याच्या इंग्रजी नावातील ‘बाल्ड’ या शब्दामुळे आपल्याकडे कोणी कोणी त्याला ‘टकला गरुड’ म्हणतात, वस्तुतः त्या जुन्या शब्दाचा अर्थ पांढरा असा आहे.) राजमुद्रेवर गरुड मिरवीत असतानाच अलास्कामध्ये १९१७ पासून १९५३ पर्यंत गरुड मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळत होते, कारण तो सामन माशांच्या धंद्याचे आणि कोल्हे पाळणाऱ्यांचे नुकसान करतो अशी तक्रार होती. एक लाखाहून अधिक गरुड त्या बक्षिसापायी मारले गेले. १९४० मध्ये संरक्षणाचा कायदा झाला. सोनेरी गरुडाला त्याचे छत्र मिळण्यास १९६२ उजाडले. त्यानंतरही १९७१ मध्ये वायोमिंगमधील मेंढ्यांच्या मोठ्या मालकांसाठी हेलिकॉप्टरमधून शेकडो गरुड टिपून मारण्यात आल्याचे सिनेटच्या समितीसमोर उघड झाले. तिकडे डीडीटीने अंड्यांची कवचे पातळ करून टाकली होती. मादी अंड्यावर बसली की ते फुटे. १९६३ मध्ये अलास्का वगळता मुख्य भूमीवर या गरुडाच्या अवघ्या ४१७ जोड्या घरट्यांत नोंदल्या गेल्या. रेचेल कार्सन यांनी त्याआधी एकच वर्ष ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक लिहून धोक्याची सूचना दिली, तर रासायनिक कारखानदारांनी त्यांच्यावर झोड उठविली. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि पक्षी सावरला. २००७ मध्ये त्याला धोक्यातील प्राण्यांच्या यादीतून वगळले तेव्हा ९,७८९ जोड्यांची नोंद होती. आपल्याकडे हिवतापाच्या निर्मूलनासाठी डीडीटीचा वापर त्यानंतरही कितीतरी वर्षे चालू राहिला, आणि ते तयार करणाऱ्या हिंदुस्तान इन्सेक्टिसाईड्स या सरकारी कंपनीचा एक कारखाना रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे होता, हे जाता जाता नमूद केले पाहिजे.

गरुडाला वाचविले ते या बंदीने आणि कायद्याने, मैदानावरील उड्डाणाने नव्हे. ही गोष्ट ठासून सांगावयाची ती अशासाठी की, आज गरुड ज्या कारणाने रुग्णालयात येतात त्यांपैकी एक प्रमुख कारण तितकेच निवार्य आहे. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३८ राज्यांतील १,२१० गरुड तपासले गेले. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत वारंवार शिसे पोटात गेल्याच्या खुणा आढळल्या. शिकारी लोक हरिण मारतात, त्याची आतडी रानात टाकून देतात, त्यात शिशाच्या गोळीचे बारीक तुकडे राहतात, आणि गरुड ती खातो. तांब्याच्या गोळ्या उपलब्ध आहेत. ओबामा यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवसांत, २०१७ च्या जानेवारीत, केंद्र सरकारच्या अभयारण्यांत शिशाच्या गोळ्या क्रमाने बंद करण्याचा आदेश निघाला होता. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ट्रम्प सरकारच्या अंतर्गत खात्याचे नवे मंत्री आपल्या पदभाराच्या पहिल्याच दिवशी घोड्यावर बसून कचेरीत आले आणि त्यांनी तो आदेश रद्द केला. २०२४ च्या डिसेंबरात मात्र पांढऱ्या डोक्याच्या गरुडाला कायद्याने ‘राष्ट्रीय पक्षी’ घोषित करण्यात आले, आणि त्याला कोणत्याही पक्षाचा विरोध नव्हता. सन्मान द्यावयास खर्च येत नाही. शिसे बंद करावयाचे तर बंदूकवाल्यांच्या संघटनांशी भांडण घ्यावे लागते.

कायद्याचे आणखी एक अंग येथे लक्षात घेण्यासारखे आहे. गरुडाचे साधे पीस जवळ बाळगणे हा सामान्य अमेरिकन नागरिकाला गुन्हा आहे. कायद्याने सूट आहे ती सार्वजनिक संग्रहालये, शास्त्रीय संस्था, प्राणिसंग्रहालये यांच्या शास्त्रीय व प्रदर्शनविषयक कार्याला, आणि आदिवासी जमातींच्या धर्मकार्याला. आदिवासींना ही पिसे कोलोरॅडोमधील एका सरकारी भांडारातून मागवावी लागतात. देशभर मेलेले गरुड तेथे जमा होतात, अर्जदाराला आपण मान्यताप्राप्त जमातीचे सभासद असल्याचा दाखला जोडावा लागतो आणि काही मागण्यांसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. ऑबर्न जेथे वसले आहे ती भूमी मस्कोगी क्रीक लोकांची होती. १८३२ च्या करारानंतर त्यांच्या जमिनी सटोडियांनी गिळल्या आणि १८३६ मध्ये सैन्याच्या पहाऱ्यात त्यांना मिसिसिपी नदीपलीकडे हाकलण्यात आले. ज्यांच्या आकाशातला हा पक्षी, त्यांनी एका पिसासाठी अर्ज करून रांगेत उभे राहावयाचे, आणि ज्यांनी त्यांची भूमी घेतली त्यांच्या विद्यापीठाने परवाना काढून अख्खा पक्षी दर शनिवारी उडवावयाचा. दोन्ही गोष्टी कायदेशीर आहेत.

प्रदर्शनाचा परवाना मिळतो तो शिक्षणाच्या नावावर. शिक्षण होतही असेल. पक्षी-रुग्णालयाचे लोक शाळांतून जी व्याख्याने देतात त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण सामन्यापूर्वीच्या त्या एक-दोन मिनिटांत प्रेक्षक काय शिकतो? गरुड शिशाने मरतो हे शिकतो काय? तसे शिकविले तर प्रेक्षागारातील कित्येक शिकारप्रेमी देणगीदार दुखावतील. तो शिकतो एवढेच की, हा पक्षी आमचा आहे.

त्या मैदानावर गरुडाखेरीज आणखीही काही जीव राबतात, त्यांच्याकडे पाहिल्यावाचून हे प्रकरण पुरते समजणार नाही. विद्यापीठीय फुटबॉल हा अमेरिकेत अब्जावधी डॉलरांचा धंदा आहे. ऑबर्नने २०२० च्या डिसेंबरात आपल्या मुख्य प्रशिक्षकाला काढून टाकले तेव्हा कराराप्रमाणे त्याला घरी बसण्याबद्दल २ कोटी १० लाख डॉलरहून अधिक रक्कम देणे विद्यापीठावर आले. ज्या खेळाडूंच्या हाडामांसावर हा डोलारा उभा, आणि ज्यांत कृष्णवर्णीय तरुणांचा फार मोठा भाग, त्यांना मात्र कैक दशके शिष्यवृत्तीखेरीज दिडकीही घेण्यास मनाई होती. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्दच मुळी १९५० नंतरच्या दशकात घडविण्यात आला, तो खेळाडूंना कामगार ठरवून नुकसानभरपाई द्यावी लागू नये म्हणून. ही कबुली त्या काळी विद्यापीठीय क्रीडासंघटनेचे प्रमुख असलेल्या वॉल्टर बायर्स यांनीच पुढे आपल्या पुस्तकात दिली. कोलोरॅडोतील एका महाविद्यालयाचा खेळाडू १९५५ मध्ये सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने भरपाई मागितली, तर १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, महाविद्यालयाचा फुटबॉल हा धंदा नव्हे आणि तो मुलगा नोकर नव्हे. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने क्रीडासंघटनेविरुद्ध निकाल दिला. २०२५ च्या जूनमध्ये मान्य झालेल्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली, पहिल्या वर्षी दर विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ‘कामगार’ हा शब्द मात्र त्या तडजोडीतही नाही.

खेळाडू आणि पक्षी यांना एका पंक्तीत बसविणे हा खेळाडूंचा अपमान आहे, असे कोणी म्हणेल. पंक्ती लावली ती त्या संस्थेने. दोघांनाही तिने सांगितले की, तुम्ही येथे आहात ते आमच्या कृपेने. तुमचे खाणेपिणे, औषधपाणी आम्ही पाहतो. आणि तुम्ही जे करता ते काम नसून परंपरा आहे. फरक एवढाच की खेळाडू न्यायालयात गेले.

आपल्या देशातील एक उदाहरण या ठिकाणी सांगणे अप्रस्तुत होणार नाही. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांना शिकवून खेळ करण्यास बंदी आली. कलंदर जमातीचे अस्वलवाले गावोगाव फिरून पोट भरीत असत. अस्वलाचे नाक तापल्या सळईने टोचीत, दात पाडीत, दोरी ओवीत. ते क्रौर्य होते आणि ते थांबले हे योग्यच झाले. २००९ पर्यंत रस्त्यावरची अस्वले जवळजवळ संपली. काही संस्थांनी या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून देण्यासाठी मनापासून खटपट केली, पण ती संस्थांनी केली. बंदी घालणाऱ्या सरकारने अधिसूचनेबरोबर रोजगाराची योजना जोडली नव्हती. बैलगाडा शर्यतींचे मात्र तसे झाले नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या, तर सर्व पक्षांनी मिळून कायदा बदलून घेतला आणि २०२३ मध्ये घटनापीठाने तो ग्राह्य धरला. कलंदरांची मते मोजकी आणि विखुरलेली. बैलगाड्यामागे अख्खा पट्टा. ज्या खेळाला मागे बळ आहे तो संस्कृती ठरतो आणि ज्याला नाही तो क्रूरपणा ठरतो, हा नियम अलाबामात आणि जुन्नर-आंबेगावात सारखाच लागू आहे.

यावर ‘मग गरुडाला पिंजऱ्यातच कुजवावयाचे काय?’ असे विचारले जाईल. तसे कोणीच म्हणत नाही. जखमी पक्ष्याला आयुष्यभर पोसावे, मोठ्या आवारात, शांत जागी, जाणत्या हातांनी उडवावे, शाळेतल्या मुलांना तो जवळून दाखवावा आणि दाखविताना त्याचा पंख कशाने मोडला हेही सांगावे. या सर्वाला लागणारा पैसा सरकारी अंदाजपत्रकातून आणि विद्यापीठाच्या तिजोरीतून आला पाहिजे. एका प्रशिक्षकाला घरी बसविण्यासाठी जेवढे पैसे निघतात त्यांत असे रुग्णालय किती काळ चालेल याचा हिशेब कोणीही करावा. पक्ष्याने स्वतःच्या औषधाचा खर्च नाचून फेडावा, ही अट ज्या दिवशी निघेल त्या दिवशी मैदानावरचे उड्डाण बंद करण्यास कोणाचीच हरकत राहू नये.

हरकत राहील ती परंपरेच्या नावाने. तीही तपासून पाहण्यासारखी आहे. ऑबर्नच्या मैदानावर मोकळे उड्डाण होऊ लागले ते एकविसाव्या शतकाच्या आरंभी. त्याआधीचे युद्धगरुड पिंजऱ्यात वा शिक्षकाच्या हातावर बसून असत. १९३० मधला दुसरा युद्धगरुड तर वाटाण्याच्या वेलीत अडकलेला सापडला आणि १० डॉलरना विकत घेतला गेला होता. म्हणजे सव्वाशे वर्षांची म्हणून जी परंपरा सांगितली जाते ती मोजू गेल्यास पाव शतकाची भरते. सातवा युद्धगरुड ‘नोव्हा’ याला २०१७ मध्ये हृदयविकार असल्याचे निदान झाले, तेव्हा पशुवैद्यांनी त्याचे उड्डाण थांबविले आणि विद्यापीठाने ते निमूटपणे मानले. त्याच्या जागी स्पिरिट उडाला. पदवीधारी गरुड विश्रांती घेत असलेल्या त्या हंगामात ऑबर्नच्या मुलांनी नोव्हेंबरच्या एकाच महिन्यात, त्या त्या वेळी देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या जॉर्जिया आणि अलाबामा या दोन्ही संघांना आपल्या मैदानावर हरविले: पहिल्याला ४०-१७ असे, दुसऱ्याला २६-१४ असे.